समुद्राचं पाणी गोड करता येतं, मग लातूरला का नाही?

मागच्या मे महिन्यात मामांचा फोन आला. मामा लातूर जिल्ह्यात शेती करतात, दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि तूर. विचारपूस झाली आणि मग थेट मुद्द्यावर आले, "बातम्यात दाखवलं की रे, इस्रायलवाले समुद्राचं पाणी गोड करून पितेत म्हणून. आपल्याकडं एवढा मोठा समुद्र हाय, मग हे लोक करत का नाहीत? तू इंजिनियर हाईस ना, सांग की."

प्रश्न अगदी रास्त आहे आणि हा फक्त मामांचा प्रश्न नाही, पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच की पुढं टेक्नॉलॉजी येईल आणि होईल काहीतरी. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. यात थोडं गणित आहे, पण पाचवीच्या पुढचं काहीही नाही.

आधी २०१६चा उन्हाळा सांगतो, कारण माझ्या डोक्यात पाणीटंचाई म्हटलं की तोच येतो. मांजरा धरण, म्हणजे केज तालुक्यात धनेगावला आहे ते, कोरडं पडलं होतं आणि लातूर शहराला दुसरं काही नव्हतंच. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली होती. आम्ही घरी दोनशे लिटरचा निळा ड्रम भरून ठेवायचो आणि त्यावर पाट, पाटावर दगड. आई भाजी धुतलेलं पाणी पातेल्यात धरायची, त्यात भांड्यांचा पहिला हात, मग तेच पाणी संडासला. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबून, पहिल्या गाडीला दहा वॅगन म्हणजे पाच लाख लिटर, आणि नंतर पन्नास वॅगनच्या गाड्या म्हणजे साधारण पंचवीस लाख लिटर. हा पंचवीस लाखाचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मुळात पाणी "संपतं" म्हणजे काय? तसं बघितलं तर पृथ्वीवरचं पाणी कुठं जात नाही, समुद्रातून वाफ, वाफेचे ढग, पाऊस, नदी, परत समुद्र. पण एकूण पाण्यातलं साधारण ९७.५ टक्के खारट, उरलेल्या अडीच टक्के गोड पाण्यातलं दोन तृतीयांशपेक्षा जास्त बर्फात अडकलेलं, बहुतेक उरलेलं जमिनीखाली, आणि नद्या-तलावांमध्ये जे आपल्याला डोळ्यांनी दिसतं ते गोड पाण्याच्याही अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. भारतात जगातले जवळपास १८ टक्के लोक आणि पाणी जेमतेम ४ टक्के. १९५१ला आपल्याकडं दरडोई वर्षाला सुमारे ५,१७७ घनमीटर पाणी होतं, २०२१च्या अंदाजात ते १,४८६ घनमीटरवर आलं (एक घनमीटर म्हणजे हजार लिटर), आणि १,७०० च्या खाली आलं की देशाला पाण्याची चणचण आहे असं धरतात. पाऊस पडायचा तेवढाच पडतोय, खाणारी-पिणारी तोंडं वाढली.

पडायचा तेवढाच पडतोय म्हटलं खरं, पण पडायची तऱ्हा बदलली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे महिनाभर भुरभुर पडायचं ते पाणी दोन दिवसांत धो धो कोसळतं, नाल्यानं वाहून जातं, मातीही घेऊन जातं, आणि मग पुढचे तीन आठवडे आभाळ कोरडं. वर्षाची सरासरी मात्र कागदावर ठीक दिसते. शेतकऱ्याला सरासरी प्यायला मिळत नाही ना.

त्यामुळं टंचाई म्हणजे पाणी नसणं असं फारसं नसतं. पाणी चुकीच्या जागी असतं, चुकीच्या महिन्यात असतं, नाहीतर घाण किंवा खारट असतं. आणि टेक्नॉलॉजी काय करू शकते तर ते हलवू शकते, साठवू शकते, साफ करू शकते. पाणी तयार करत नाही. आणि हलवायला नि साफ करायला लागते वीज, म्हणजे पैसे.

तर मामांचा समुद्र.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात तळाशी पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात बघितलेलं असतं. फोडीतलं पाणी मिठाकडं ओढलं जातं, साल आणि पेशींचे पडदे पाण्याला जाऊ देतात पण मिठाला तितकं सहज आत येऊ देत नाहीत. निसर्गाचा कल असाच, गोड पाणी खाऱ्याकडं धावतं. समुद्राचं पाणी गोड करायचं म्हणजे हा कल उलटा फिरवायचा. खारं पाणी एका बारीक पडद्यावर इतक्या जोरात दाबायचं की पाणी पलीकडं जाईल आणि मीठ अलीकडं राहील. आर ओ म्हणतात ते हेच, तुमच्या ओट्याखालच्या मशीनमध्येही हेच चालतं, फक्त तिथं नळाचं पाणी असल्यामुळं छोटा पंप पुरतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, त्याला हरवायला हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब द्यावा लागतो. सायकलच्या ट्यूबमध्ये असतो त्याच्या दहापटीहून जास्त.

हा पडदा प्रत्यक्षात कामाचा करणारे दोघं होते, सिडनी लोब आणि आपले तमिळनाडूचे श्रीनिवास सौरिराजन, कॅलिफोर्निया विद्यापीठात, १९६०च्या आसपास. तेव्हापासून आजपर्यंत खर्च प्रचंड खाली आलाय. आज चांगल्या प्लांटमध्ये हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. आणि इथं एक गोष्ट समजून घ्यायलाच हवी: समुद्रातून घेतलेल्या पाण्यातलं निम्मं गोड करून काढायचं असेल तर हजार लिटरला किमान एक युनिटच्या आसपास वीज लागणारच, हा निसर्गाचा नियम आहे, कितीही हुशार इंजिनियर आला तरी त्याच्या खाली जाता येत नाही. मोबाईल जसे दरवर्षी स्वस्त होत गेले तसं हे अजून दहापट स्वस्त होईल अशी आशा धरून बसू नये, तिथं जागाच उरलेली नाही.

इस्रायलनं हे करून दाखवलं हे खरंच आहे. २००५ला अश्कलोन, २०१३ला सोरेक, आणि आज त्यांच्या घरातलं नळाचं पाणी मोठ्या प्रमाणात समुद्राचं आहे. आपल्याकडं चेन्नईनंही केलंय, मिंजूरला २०१०मध्ये, नेम्मेलीला २०१३मध्ये, दोन्ही दिवसाला दहा-दहा कोटी लिटरचे, आणि आता त्यात भर पडतेय. २०१९ला चेन्नईचे तलाव कोरडे पडले, तिथंही जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे आणावी लागली, पण त्या वेळी पाऊस आला नाही तरी रोज येत राहिलेलं पाणी होतं ते याच प्लांटचं. मुंबईतही मनोरीला असा प्लांट उभारायचं बरीच वर्षं चाललंय. समुद्रकाठच्या शहरांना हा पर्याय खरा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. एक अडचण आहे ती म्हणजे उरलेलं दुप्पट खारट पाणी, ते समुद्रात नीट पसरवून सोडलं नाही तर जड असल्यामुळं तळाशी बसतं आणि तिथले जीव मारतं. २०१९च्या एका जागतिक अभ्यासात दिसलं की जगभरातले प्लांट दिवसाला साडेनऊ कोटी घनमीटर गोड पाणी बनवतात आणि त्याच्या दीडपट खारं पाणी मागं टाकतात.

पण लातूर समुद्रकाठी नाही. लातूर साधारण सहाशे मीटर उंचीवर आणि किनाऱ्यापासून चारशेएक किलोमीटर आत आहे, मध्ये सह्याद्री. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते सहाशे मीटर वर चढवायला पंपात वाया जाणारी वीज धरून दोन युनिटच्या वर वीज लागते, पाइपातल्या घर्षणाची वेगळी. गोड करायचे साडेतीन आणि चढवायचे अडीच, मी कमीत कमी धरतोय, सहा युनिट झाले हजार लिटरला. युनिटला सात रुपये धरा, म्हणजे फक्त विजेचे बेचाळीस रुपये. प्लांट, पाइपलाइन, पगार, हे सगळं सोडून.

आता बेचाळीस रुपये ऐकायला काहीच वाटत नाहीत, बरोबर? आणि घरासाठी ते खरंच काही नाहीत. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप आहे, म्हणजे चौघांच्या घराला दिवसाला पाचशे-साडेपाचशे लिटर, म्हणजे विजेचे तेवीस रुपये. पाइपलाइन-बिइपलाइनचा खर्च धरून ते दुप्पट-तिप्पट झाले तरी लातूरकरानं उन्हाळ्यात टँकरला यापेक्षा जास्त मोजलेत, मी स्वतः मोजलेत. म्हणजे पिण्याच्या आणि घरच्या पाण्याचा प्रश्न टेक्नॉलॉजी सोडवू शकते. हे मी मनापासून सांगतोय, पुढच्या तीस वर्षांत एखादं शहर तहानेनं मेलं तर ते पाणी नव्हतं म्हणून नाही, तर तिथं पैसे लावायचे की नाही हे कुणी ठरवलं नाही म्हणून.

मग मामांच्या दोन एकराकडं येऊ.

उसाला वर्षभरात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे सगळ्या रानावर दोन मीटर उंच पाणी उभं केल्यासारखं. त्यातलं पाचशे मिलिमीटर पावसानं दिलं असं धरलं तरी दीड मीटर आपण द्यायचं. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर, गुणिले दीड, सहा हजार घनमीटर. साठ लाख लिटर. एका एकराला.

पंचवीस लाखाची रेल्वे आठवते ना? पन्नास वॅगनची? अशा जवळपास अडीच गाड्या म्हणजे एक एकर ऊस. दुसऱ्या बाजूनं बघा, एका माणसाला १३५ लिटरनं वर्षाला पन्नास हजार लिटरच्या आत पाणी लागतं, म्हणजे एका एकराच्या उसाचं पाणी एकशेवीस माणसांचं वर्षभराचं झालं. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलं असं वाटून तीनदा केलं.

आता हे साठ लाख लिटर समुद्रातून आणायचे ठरवले तर सहा युनिटनं छत्तीस हजार युनिट, सात रुपयांनी अडीच लाख रुपये. फक्त वीज. आणि त्या एकरात चाळीस टन ऊस निघाला, टनाला तीन हजार मिळाले, तर हातात येतात एक लाख वीस हजार. म्हणजे पाण्याच्या विजेतच उसाच्या दुप्पट पैसे गेले. मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. प्यायला आणता येईल, शेतीला नाही, कधीच नाही.

आणि पाणी तर सगळं शेतीतच जातं. जगात माणूस जेवढं गोड पाणी उचलतो त्यातलं ७० टक्के शेतीला, आणि आपल्या देशात जमिनीतून उपसलेल्या पाण्यातलं सुमारे ८७ टक्के सिंचनाला. घरात नळ गळत असेल तर तो नीट करावाच, पण दात घासताना नळ बंद ठेवून मराठवाड्याचा दुष्काळ हटणार नाही हे शाळेतल्या मुलांनाही एकदा सांगायला पाहिजे, उगाच सगळा भार त्यांच्या ब्रशवर नको.

मामांना दोष द्यायचा म्हणून मी हे लिहीत नाहीये, उलट. मी त्यांना एकदा विचारलं होतं की ऊस सोडत का नाही. म्हणाले, "सोयाबीन चार महिने सांभाळायचं अन् बाजारात नेलं की भाव पाडतेत. तुरीला कधी बारा हजार तर कधी चार. ऊस काय, एकदा कारखान्याला गेला की उशिरा का होईना बिल येतंच." चुकीचं काय आहे यात? २०२४ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात कितीतरी शेतकऱ्यांनी चार हजाराच्या आसपास विकलं. उसाला मात्र कायद्यानं ठरवलेला दर आहे आणि घेणारा ठरलेला आहे. म्हणजे मामा पाणी बघून पीक ठरवत नाहीत, भरवसा बघून ठरवतात, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. महाराष्ट्रात ऊस चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर आणि सिंचनाचं दोन तृतीयांशपेक्षा जास्त पाणी त्याला, हे कृषी खर्च आणि मूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय. डाळ आणि तेलबियांना उसासारखा भरवसा मिळाला तर जेवढं पाणी वाचेल तेवढं कुठलंही मशीन बनवू शकत नाही, आणि ही टेक्नॉलॉजी नाहीच, हा बाजाराचा निर्णय आहे.

बरं, एक टेक्नॉलॉजी आपल्याकडं आधीच आली होती आणि तिनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. बोअर. आजी म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळात धान्य नव्हतं पण आडाला पाणी होतं, आता धान्य आहे आणि पाणी नाही. बहात्तरनंतर बोअरची मशीन गावोगाव यायला लागली आणि मग सबमर्सिबल मोटर आली. आमच्या भागात रात्री बोअरची गाडी गावात शिरली की आवाजानं सगळे उठतात. आधी पाणाडी येणार, नारळ तळहातावर आडवा धरून रानात फिरणार, नारळ उभा राहील तिथं खूण, आणि मग दीडशे, तीनशे, पाचशे फूट. मामांच्या रानात मी स्वतः उभा होतो २०१५ला. मुरूम निघाला, मग काळा पाषाण, मग जरा मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा खडक, लागला तेव्हा ओल आली नि सगळ्यांचे चेहरे फुलले, आणि त्यानंतर सहाशे फुटांपर्यंत नुसता धुरळा. पांढरा धुरळा, कपड्यांवर, केसांत, मामांच्या मिशांवर. फुटाच्या हिशोबानं बिल दिलं आणि गाडी पुढच्या रानात गेली.

असं का होतं तर आपला महाराष्ट्र, साधारण ऐंशी टक्के, लाव्हाच्या खडकावर बसलाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतून झालेला. गंगेच्या खोऱ्यात शेकडो फूट वाळू-माती आहे, स्पंजासारखी, पाणी धरते. आपल्याकडं स्पंज वरचे पन्नास-साठ, फार तर शंभर फूट, मुरूम आणि भेगाळलेला मांजऱ्या. खाली काळा पाषाण, त्यात कुठं एखादी भेग लागली तर पाणी, नाही तर नाही. आणि खोल भेगेतलं पाणी बरंच जुनं असतं, एका पावसाळ्यात भरून येत नाही. शेजाऱ्यानं सहाशे फूट घेतलं की आपल्या चारशे फुटाचं आटतं, मग आपण आठशे. कायद्यानं साठ मीटरच्या खालच्या विहिरींवर बंधनं घातली आहेत, म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटांवर थांबलेलं बोअर मला तरी माहीत नाही.

ठिबकचंही असंच एक कोडं आहे. ठिबक चांगलंच, पिकाच्या मुळाशी थेंब थेंब, पाटानं दिलं की निम्मं पाणी वाया जातं ते वाचतं. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहतं का? बहुतेक वेळा नाही राहत. दोन एकराला पुरायचं ते तीन एकराला पुरायला लागतं म्हणून तिसऱ्या एकरातही ऊस लागतो, आणि पाटातून "वाया" जाणारं जे पाणी मुरून शेजारच्या विहिरीला मिळायचं तेही थांबतं. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं, छानच झालं, पण शिवारातली पातळी आणखी खाली. स्पेनपासून गुजरातपर्यंत हा अनुभव आहे. पाणी किती उपसायचं याचा आकडा आधी गावानं ठरवला तरच ठिबकनं पाणी वाचतं.

शेततळ्यांचं तर बघवत नाही. पावसाचं वाहतं पाणी अडवायला शेततळं, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरून बोअरचं पाणी वर आणून त्यात साठवतात, मराठवाड्याच्या उन्हात, जिथं उघड्या पाण्यातून वर्षाला दीड-दोन मीटर वाफ होऊन जाते. जमिनीखाली सावलीत, झाकलेलं, फुकट साठलेलं पाणी वीज जाळून उन्हात आणून ठेवायचं. 

पावसाचं बोलायचं तर कृत्रिम पावसाचे प्रयोग २००३, २०१५, २०१९ला आपल्याकडं झाले. सोलापूरला पुण्याच्या त्याच संस्थेनं नीट मोजून प्रयोग केला तेव्हा योग्य ढगांमध्ये मारा केल्यावर सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस दिसला. वाईट नाही, पण आधी ढग पाहिजेत, आणि दुष्काळात तेच नसतात. हवेतून पाणी काढायच्या मशीनच्या जाहिराती येतात, त्यात लिटरला पाव ते अर्धा युनिट वीज जाते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास शंभरपट. दवाखान्यात, स्टेशनवर ठीक आहे.

मला खरा भरवसा वाटतो तो सांडपाण्याचा. ऐकून नाक मुरडू नका. शहरात आलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के गटारात जातं, आणि त्यात मीठ समुद्राच्या मानानं नगण्य असल्यामुळं ते साफ करायला वीजही बरीच कमी लागते, शिवाय ते शहरातच असतं, सह्याद्री चढवायचा नाही. नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८पासून हे पाणी पुन्हा पिण्यात मिसळतेय, पन्नास वर्षं झाली. सिंगापूर २००३पासून. आपल्याकडं प्यायला नको असेल तर नका पिऊ, पण नागपूरनं महानिर्मितीच्या कोराडीच्या वीज केंद्राला दिवसाला तेरा कोटी लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यायची सोय केली, तेवढं धरणाचं चांगलं पाणी मोकळं झालं. इस्रायल आपलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सांडपाणी शेतीला वापरतं, समुद्राच्या प्लांटपेक्षा मला ही गोष्ट जास्त मोठी वाटते पण बातम्यात दाखवत नाहीत. आपल्या कितीतरी शहरांचं पाणी मात्र न शुद्ध करता नदीत जातं आणि पुढच्या गावाचं पिण्याचं पाणी होतं. म्हणजे सांडपाणी आपण पुन्हा पितोच आहोत, फक्त साफ न करता.

आणि सगळ्यात स्वस्त टेक्नॉलॉजी म्हणजे मोजणं. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहिती आहे, पोपटराव पवार १९८९पासून तिथं काम करतायत, पण तिथले बंधारे आणि झाडंच लोक बघून येतात. बंधारे तर हजारो गावांत झाले. तिथं वेगळं हे झालं की शेतीसाठी बोअर बंद, उसासारखी पिकं बंद, आणि दरवर्षी पाऊस किती पडला, विहिरींत किती आहे हे मोजून ग्रामसभा ठरवते की आधी माणसं-जनावरं, मग खरीप, आणि उरलं तरच रब्बीत काय घ्यायचं. त्यासाठी लागतं एक पर्जन्यमापक, एक दोरी, एक फळा, आणि भांडणं मिटवायची तयारी. ही शेवटची गोष्ट कुठलीही कंपनी विकत नाही, आणि सगळ्यात अवघड तीच आहे. मामांच्या गावात मी हा विषय काढला तर एकानं सरळ विचारलं, पहिलं मोठ्या बागायतदाराचं बोअर कोण बंद करणार? त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

भूजल सर्वेक्षणाचे लोक त्यांच्या ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी मी गावी गेलो तेव्हा मामांना म्हटलं, आपण आपलीच मोजू. सुताच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला एक दगड, आणि जुन्या विहिरीत सोडली, तीच जुनी विहीर जी बोअर आल्यापासून कुणी बघतही नव्हतं. काठापासून चौदाव्या गाठीला पाणी लागलं. मामांनी मोटरच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि चौदा लिहिलं. दोनातला एक एकर ऊस ते या वर्षी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारं पुढचं पीक, न ठेवता मोडणार आहेत, तिथं हरभरा करायचा म्हणतात, भाव काय मिळेल त्याची धाकधूक आहेच. जानेवारीत फोन करून मी आकडा विचारणार आहे, आणि मामांनी भिंतीवर त्याच्यासाठी चौदाच्या खाली जागा सोडलीये.